गावठीत गेलेली माटोळी

माझ्या धंद्यात खरं दुकान उघडण्याआधी एक खोटं दुकान उभं करावं लागतं. त्या दुकानात फळ्या असतात, माल असतो, भाव असतात, गिऱ्हाईकंही असतात. फक्त विकलं काहीच जात नाही. असली खोटी दुकानं थाटण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांतल्या डिचोलीच्या एका दुकानाने मला असं काही धारेवर धरलं की आजही चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, जवळ आली की मी रात्री उठून लॅपटॉपची बॅटरी तपासते.

मी पेडणे तालुक्यातली, चोपड्याची. पणजीला एका कंपनीत काही वर्षं खर्डेघाशी केली (कॉम्प्युटरवर केली तरी ती खर्डेघाशीच), मग साहेबाशी वाजलं आणि मी घरी येऊन दुकानदारांना ॲप करून देऊ लागले. गावात माझ्या कामाबद्दल फार उदार कल्पना होत्या. कुणी पाण्यात पडलेला मोबाईल घेऊन येई, कुणी लग्नाची पत्रिका छापून मागे, एकाने तर पंपाची मोटर आणली होती. "तुमी कॉम्प्युटरवाल्यो न्ही?" असं म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसे. मोटर मी उघडून पाहिली होती, हे कबूल करते.

तर कामाबद्दल. हल्लीच्या दुकानाला तीन दारं लागतात. एक काउंटरवरचं, तिथे टॅब घेऊन माणूस बसतो. दुसरं गिऱ्हाइकाच्या फोनवरचं. तिसरं मुंबईत किंवा आखातात राहून गावच्या घरी माल पाठवणाऱ्यांसाठी, ते मोठ्या कॉम्प्युटरवर उघडतं. दारं तीन असली तरी आतलं कोठार एकच हवं. फोनवरून शेवटचा नारळ गेला तर काउंटरवाल्याला तो लगेच दिसेनासा झाला पाहिजे. हे जमलंय की नाही हे खऱ्या गिऱ्हाइकांवर तपासायचं नसतं. म्हणून ते सगळं आधी आपल्याच लॅपटॉपवर उभं करायचं: कोठार, तिन्ही दारं, खोटा माल, खोटी माणसं. आमच्याकडे जत्रेला नाटक होतं, त्याच्या आधी देवळामागे तालीम चालते. तालमीत राजा लुंगीवर मरतो आणि उठून चहा पितो. हे तसंच.

वाचायला सोपं वाटतं. पण ही तालीम उभी करण्यातच अर्धा जीव जातो. कोठार चालू झालं तर फोनला सापडत नाही, फोनला सापडलं तर काउंटर रुसून बसतं. नव्या फोनवर चालतं ते जुन्यावर चालत नाही, आणि सगळं एकदाचं जुळून आलं की वीज जाते. माझ्या तोंडी त्या काळात जे शब्द असत ते या अंकात छापता येणार नाहीत.

खोट्या दुकानाची भिंत पक्की हवी, हे मी आईकडून शिकले. पेडण्याच्या एका वाण्याचं काम करताना निरोप जातात का हे बघायला मी आईचा नंबर घातला. दिवसभर मी तांदळाची तीच ऑर्डर पुन्हा पुन्हा देत होते आणि आईच्या फोनवर "आपला माल निघाला आहे" असे निरोप पडत होते. संध्याकाळी घरी गेले तर पडवीतलं बाकडं, सुपं, भाताचं पिंप सगळं अंगणात. आई दारात उभी. म्हणाली, "बाय गो, इतके तांदूळ खंय दवरूं? पडवेत जागो ना." त्यानंतर मी खोट्या माणसांना खोटेच नंबर देऊ लागले, सगळे नऊचे आकडे.

भाषेचा घोळ वेगळाच. आमच्या बाजूला दुकानाची पाटी मराठीत, भांडण कोंकणीत आणि बिल इंग्रजीत. लोक ॲपमध्ये "कांदो" शोधायचे आणि माझं शहाणं ॲप सांगायचं, असा माल नाही. गिऱ्हाईक म्हणे, दुकानात कांदे नाहीत हे दुकान कसलं! मग मी एकेका वस्तूला तीन-तीन नावं दिली. उंडे, पोळ्या, कांकणं हे पावाचे प्रकार समजावून घ्यायला पोदेराला, म्हणजे आमच्या पाववाल्याला, घरी बोलावून चहा पाजला. एवढी भाषेची काळजी घेणारी मी, आणि माझी फजिती झाली ती एका शब्दानेच.

शालनवहिनीचं दुकान डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी. बाई मूळची दोडामार्गाकडची, लग्न होऊन इकडे आलेली, बोलणं अजून पक्कं मालवणी. तिचा नवरा उल्हासदादा खाणीवर स्वतःचे ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसे ट्रक घरामागे उभे राहिले, त्यांवर वेली चढल्या, आणि सगळ्या घराचा भार त्या दुकानावर आला. त्यातच हमरस्त्यावर एक थंडगार मोठं दुकान उघडलं. लोक तिथे हवा खायला जात आणि येताना साबण-तेल घेऊन येत. उल्हासदादाने आशा सोडली होती. जागा मोबाईलच्या शोरूमला भाड्याने द्यायची, त्या माणसाशी त्याचं बोलणंही झालं होतं. वहिनीने एवढंच मागून घेतलं, की चवथ होऊ दे.

"बाय," मला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही चवथ पार पडली तर दुकान ऱ्हवतला. नाय तर शटर ओढूचा. माका ॲप-बिप काय कळणा नाय. पण मोठ्या दुकानात गावणा नाय ता माका घरपोच देवचा हा."

मोठ्या दुकानात मिळत नाही ते काय, तर माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि त्या दिवसांत रानात, परसात, कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत जे जे येतं ते तिला बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा कातरा (दोन्ही घोसच), केळ्यांचा घड, चिबूड, मोठ्या लिंबासारखं तोरिंग, आंबाडे, आणि कांगलां, कवंडळां, घागऱ्या अशी रानफळं, ज्यांची एरवी वर्षभर कुणाला आठवण होत नाही. हिलाच माटोळी म्हणतात. ती नसेल तर गणपती उघड्यावर बसल्यासारखा वाटतो. पूर्वी घरची माणसं रानात जाऊन हे आणत. आता घरात म्हातारी माणसं, मुलं नोकरीला, म्हणून बाजार. आणि बाजारात घाटावरून आलेली गुबगुबीत केळी. डिचोलीचा माणूस ती केळी वळून वळून बघतो आणि विचारतो, "गांवठी ना?"

गावठी. आमच्याकडे हा शब्द शिवी नाही. गावठी अंडी, गावठी मिरची, गावठी केळी म्हणजे आपल्या मातीतलं, चवीचं, दोन पैसे जास्त देऊन घ्यावं असं.

श्रावणात मी दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, माझा एक जुना लॅपटॉप मांडला आणि त्यावर सरावाचं दुकान चालू केलं. काउंटरवर बसायची सुमन. साखळीकडची, चाळिशीची, शब्दाला पक्की आणि बटणाला घाबरणारी. तिच्या टॅबवर मी दोन चित्रं ठेवली: लाल चित्र दाबलं की खरं दुकान, हिरवं दाबलं की सरावाचं. वहिनीने विचारलं, हे हिरवं काय? आमच्या धंद्यात आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या या तालमीला लोकल म्हणतात, तसंच मी सांगितलं. वहिनी हसली. "लोकल? म्हणजे गावठी मगे!"

मला तो शब्द इतका आवडला की मी हिरव्या चित्राखाली तेच नाव लिहून टाकलं. गावठी. सुमनही हसली. चार दिवस आम्ही त्यात मनसोक्त खोटा धंदा केला. मी खोट्या माणसांना झकास नावं दिली होती, आडनावं आसपासच्या गावांची, वाडे खरे वाटतील असे. सुमनने माझ्या खोट्या माणसांना खोटे चिबूड विकले. मग खरं दुकान सुरू झालं, फोनवरून पणजी-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्या, आणि मी दुसऱ्या कामाला लागले. लॅपटॉप तिथेच राहिला. "हा बंद करायचा नाही," असं मी सरावाच्या वेळी बजावलं होतं, ते दोघींनी देवाच्या समईसारखं पाळलं.

माटोळीचा रानमाल आधी आणून ठेवता येत नाही, कोमेजतो. वाळपईच्याही पलीकडचा पांडू गावकर आणि त्याची माणसं चवथीच्या आदल्या दिवशी उजाडताच तो उतरवून आणणार होती. त्याच्या वाड्यावर फोन लागत नाही. म्हणून ठरलं होतं असं: दोन दिवस आधी तो वाळपईच्या बाजारात येईल, तिथून फोन करील, आम्ही त्याला एकूण आकडे सांगू, आणि शेवटची बस पकडून तो वर जाईल. एकदा बस सुटली की त्याला काही सांगायची सोय नाही.

त्या दुपारी मी आकडे काढायला डिचोलीला गेले. पाऊस धो धो. खऱ्या दुकानाची यादी उघडली तर ऑर्डरी मोजक्याच, आणि सगळ्या फोनवरून आलेल्या, बाहेरगावच्या. डिचोलीतली एकही नाही.

"ह्या काय?" वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती. "अर्धी डिचोली माका सांगान गेली हा. मये, कारापूर, साखळी... ती सगळी खय गेली?"

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो माझ्या ॲपवर शंकेचा. काउंटरचं दार कोठाराशी तुटलंय, ऑर्डरी वाटेत सांडताहेत. मी भराभर तपासलं. सगळं ठाकठीक होतं. सुमनला हाक मारली. "सुमन, माटोळीच्या ऑर्डरी घातल्यास ना?"

"घातल्यो मू! एकूय सोडूंक ना."

"कुठे घातल्यास?"

तिने टॅब पुढे केला आणि हिरव्या चित्रावर बोट ठेवलं. "हांगा. गांवठींत. वहिनीन सांगिल्लें, लोकांक सगळें गांवठी जाय, गांवठींत घाल म्हूण."

वहिनीने तसं खरंच सांगितलं होतं. गिऱ्हाईक बजावून जाई, घाटावरचं नको, गावठीच द्या. वहिनी काउंटरकडे ओरडे, गावठी घाल गो. आणि सुमनच्या डोक्यात चोख हिशेब बसला होता. लाल म्हणजे घाटावरचा माल, हिरवं म्हणजे आपल्या मातीतला. सराव कधीच संपला होता, तिच्या लेखी ते आता दुसरं काउंटर होतं. पैसे माल पोचल्यावर घ्यायचे होते, म्हणून पावत्याही निघाल्या नव्हत्या. साऱ्या डिचोलीची माटोळी माझ्या खोट्या दुकानात पडली होती.

मला हसू आलं असतं, पण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या दोघींना माहीत नव्हती. सरावाचं दुकान काही लिहून ठेवत नाही. सगळं तोंडपाठ असल्यासारखं यंत्राच्या डोक्यात असतं. ते बंद पडून पुन्हा चालू झालं की सगळं पुसतं आणि माझी खोटी माणसं घेऊन नव्याने उभं राहतं. मी ते मुद्दामच तसं केलेलं, रोज केर काढायला नको म्हणून. लॅपटॉप चालू होता तोवर ऑर्डरी होत्या.

मी मागच्या खोलीत धावले. चालू होता. मी त्याच्यासमोर पोत्यावर बसले आणि त्याच क्षणी वीज गेली.

दुकानाचा इन्व्हर्टर सकाळपासूनच्या खेळखंडोब्यात केव्हाच थकला होता. लॅपटॉपची बॅटरी तर म्हातारी, अंधार पडला की दोन श्वास घ्यायची आणि मान टाकायची. इन्व्हर्टर थकल्यावर वीज गेली ती ही पहिलीच खेप, हे नशीब. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण आलीच.

"काय झाला?" वहिनी दारात. "सांग मरे, काय झाला?"

"वहिनी, हा बंद पडला तर सगळं गेलं."

"सगळा म्हणजे?"

"सगळ्या ऑर्डरी. कोणाच्या, किती, काहीच राहणार नाही."

सुमन मागे उभी राहून रडायला लागली. मी तिच्यावर ओरडले, की रडू नकोस, वायफाय बघ. तेही वेडेपणाचंच, वीज गेल्यावर वायफाय कुठलं. टॅब आता लॅपटॉपशी बोलू शकत नव्हता. जे करायचं ते त्या लॅपटॉपवरच.

सरावाच्या दुकानाला यादी बाहेर काढायचं बटणच नव्हतं. खोट्या ऑर्डरी बाहेर काढून कुणाला काय करायच्या? माझे हात सवयीने चालू लागले. मी त्या दुकानाचा कागद, म्हणजे प्रोग्रॅम, उघडला, बटणाच्या चार ओळी लिहिल्या, आणि जतन करायच्या कळीवर बोट नेलं. तिथेच थांबले. ती कळ दाबली असती तर नव्या ओळी लागू करायला दुकान आपणहून बंद होऊन चालू झालं असतं. म्हणजे सगळं पुसून. मी इतक्या जोरात हात मागे ओढला की कोपर पोत्यावर आपटलं.

मग डोकं ताळ्यावर आलं. लोकलचं एक बरं असतं. त्याला वायफाय लागत नाही, जग बुडालं तरी यंत्र स्वतःशी बोलू शकतं. त्याच लॅपटॉपवर मी गिऱ्हाइकासारखी दुकानाच्या दाराशी गेले आणि कोठाराला सरळ विचारलं, सगळ्या ऑर्डरी दे. पडद्यावर अक्षरांचा ढीग ओतला गेला, ना शेंडा ना बुडखा, पण नावं दिसत होती. आता हे ठेवायचं कुठे? या यंत्रातच ठेवलं आणि ते पुन्हा उठलंच नाही तर?

"वहिनी, पेन ड्राइव्ह!"

"ता काय?"

"छोटी, अशी, बोटाएवढी..."

"आरत्यांची?"

ती धावली. दुकानात सकाळी आरत्या वाजायच्या त्या यंत्रातून तिने ती उपसून आणली. मी ती खोचली. लॅपटॉपला ती ओळखू येईना. फुंकर मारून पुन्हा खोचली. आली. ढीग तिच्यावर टाकला, खूण फिरू लागली, फिरत राहिली, आणि पडदा काळा झाला.

माझा रोजचा लॅपटॉप पिशवीत होता. तो उघडून पेन ड्राइव्ह लावली. आरत्या, आरत्या, आरत्या, आणि सगळ्यांत खाली माझा ढीग. उघडला. शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत होता. मला वाटलं, सुटलो.

मग मी नावं वाचायला लागले आणि पुन्हा अडले. त्या ढिगात तीन प्रकारची माणसं होती: माझी खोटी, सुमनने सरावात घातलेली खोटी, आणि डिचोलीची खरी. सगळी एकमेकांत मिसळलेली. आणि माझी खोटी नावं मी हौसेने इतकी अस्सल केली होती की मलाच ओळखू येईनात. तेवढ्यात फोन वाजला. पांडू गावकर.

"सांगात तर आंकडे. बस लागल्या."

"पांडूदादा, थोडं थांबा."

"हांव रावतां. बस रावची ना."

आम्ही तिघी काउंटरवर बसलो. बाहेर पाऊस, आत पडद्याचा उजेड. मी नाव वाचायचं, त्या दोघींनी सांगायचं.

"मीराबाई, सर्वण?"

"खरी. घोव पोस्टांत," सुमन म्हणाली.

"शाबा गोपी, कुडचिरे?"

"हो खंयचो? हांवें घालूंक ना."

"माझा असेल. काढा."

नंबरात नऊच नऊ असलेली माझी माणसं आधीच उडवली होती, पण काहींना मी घाईत नंबरच घातला नव्हता. शंका आली तिथे फोन लावला. एकाने विचारलं, माटोळी मिळणार ना? वहिनी म्हणाली, "मगे! पोचवतंय." आवाज कसा स्थिर ठेवला तिचं तिला ठाऊक. मध्येच पांडूचा पुन्हा फोन: चालक चढला. पुन्हा फोन: घंटी झाली. शेवटाला एक ऑर्डर राहिली. नाव नाही, फोन नाही, नुसतं लिहिलेलं, "व्हडलें घर", म्हणजे मोठं घर. सुमन म्हणाली, मॅडमनी खोटं घातलेलं असेल. मला वाटलं, हिने सरावात घातलंय. वहिनी म्हणाली, व्हडल्या घराक नाव नाय काय? काढली.

आकडे सांगितले. पांडूने ते एकदा परत म्हणून दाखवले, आणि मागून बसचा आवाज आला.

चवथीच्या आदल्या दिवशी उजाडताच पांडूच्या मालाची पिकअप उतरली. दिवसभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सुमन बांधत होती, दोन रिक्षा फिरत होत्या, मी पुड्यांवर नावं डकवत होते. एकेक घराचा माल पोचला की वहिनी नुसती मान हलवायची. उल्हासदादा एकदा डोकावून गेला. उन्हं कलेपर्यंत दुकान रिकामं झालं, बाजारही झाडून-पुसून मोकळा झाला. मला वहिनीने जेवायला घरी नेलं. उल्हासदादा स्टुलावर उभा राहून घरची माटोळी बांधत होता. सुपारीचा कातरा त्याने मध्यभागी बांधला आणि खाली उतरून बघितला.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. मये गावचा एक म्हातारा, छत्री टपटप गळतेय.

"बाय, आमची माटोळी येवंक ना."

"कुणाची, काका?"

"व्हडल्या घरची."

मला कळायला क्षण लागला. व्हडलें घर म्हणजे भावकीचं मूळ घर. तिथे सगळ्या कुळाचा एकच गणपती बसतो, मुंबई-पुण्याची पोरंसुद्धा तिथेच येतात. त्या गावात कुणालाही विचारा, नाव सांगायची गरजच नाही. म्हातारा काउंटरवर येऊन रुबाबात एवढंच सांगून गेला होता, आणि सुमनने ऐकलं तसं घातलं होतं. मुंबईची पोरं दुपारीच पोचली होती. चौकट टांगलेली होती, मोकळी.

मी म्हणाले, बाजारात बघते. "बाजारांत कितें आसा आतां?" म्हातारा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. तो घाबरला होता. कुळाचा सगळ्यांत मोठा माणूस तो, सकाळी सगळी भावकी वर बघणार होती.

वहिनी नवऱ्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "आपलो गणपती घरचो. तो समजान घेयत. काकांच्या गणपतीक मी काय सांगू?"

उल्हासदादाने वर बांधलेल्या माटोळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, बघ, म्हणूनच म्हणत होतो, पुरे झालं दुकान. तो पुन्हा स्टुलावर चढला. कातरा सोडला, माझ्या हातात दिला. मग पेंड, घड, चिबूड, कांगलां, एकेक गाठ दातांनी सोडवत. म्हातारा "नाका रे, नाका रे" म्हणत राहिला. चौकटीला फक्त आंब्याचा टाळ, पानांची डहाळी, उरला.

सगळं रिक्षात भरलं, ताडपत्री बांधली. उल्हासदादा पावसात उभा राहून म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, फुडल्या वर्सा सांगतना फोन नंबर दियात. आनी नांवूय."

वहिनी उंबऱ्यात होती. "काय म्हटलात?"

"नंबर गे," तो मागे न बघता म्हणाला. "फुडल्या वर्सा नंबर नासतना कसें कळटलें?"

"फुडल्या वर्सा," वहिनी स्वतःशीच पुटपुटली. ती आत गेली आणि मोकळ्या माटोळीखाली बसून हुंदके देऊन रडली.